तळ्यातळ्यांतला फरक



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते जीवशास्त्र वर्गात कमी आणि पाण्याकाठी जास्त शिकवत असत, हे इथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. त्यामुळे विषय निवडायला मला वेळ लागला नाही. आज मी उथळ पाण्यांविषयी बोलणार आहे. तलाव, बोड्या, सड्यावरची डबकी, बंधाऱ्यामागे साठलेलं गाळाचं पाणी, या सगळ्यांत कोणते जीव एकत्र नांदतात, आणि शेजारच्याच दुसऱ्या पाण्यात तेच जीव का नांदत नाहीत, हा माझा प्रश्न आहे.

अधिकारी भेटले, पत्रकार भेटले किंवा एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते भेटले, की मला हमखास विचारलं जातं, “आपल्या जिल्ह्यातलं जैवविविधतेच्या दृष्टीनं सर्वांत चांगलं तळं कोणतं?” विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. निधी थोडा असतो, एखादंच तळं वाचवता येणार असतं. पण हा प्रश्न आपल्याला चुकीच्या वाटेला नेतो, असं माझं ठाम मत आहे. कारण एखाद्या प्रदेशातली पाण्यातली जीवसृष्टी कुठल्याही एका तळ्यात मावलेली नसते. तिचा मोठा वाटा तळ्यातळ्यांमधल्या फरकात असतो.

हे मत पारखून पाहण्यासारखा एक अभ्यास दक्षिण इंग्लंडमधल्या शेतीच्या प्रदेशात झाला. पेनी विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2004 साली प्रसिद्ध केला. एकाच परिसरातल्या नद्या, ओढे, शेतातले चर आणि छोटी तळी त्यांनी सारख्याच पद्धतीनं तपासली. पाणवनस्पती मोजल्या आणि डोळ्यांना दिसणारे अपृष्ठवंशी जीव मोजले. एकेका ठिकाणाची यादी पाहिली तर नदी सर्वांत श्रीमंत निघाली. पण नद्यांच्या सगळ्या याद्या एकत्र केल्या, तळ्यांच्या सगळ्या याद्या एकत्र केल्या आणि मग तुलना केली, तेव्हा तळ्यांनी नद्यांना मागं टाकलं. दुर्मीळ जातीही तळ्यांतच जास्त होत्या. नदीचा एक तुकडा दुसऱ्या तुकड्यासारखा होता. तळं मात्र शेजारच्या तळ्यासारखं नव्हतं. आणि ज्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही, त्या शेतातल्या चरांची यादी सर्वांत लहान असली, तरी हंगामी पाण्यात जगणारे काही जीव त्या चरांखेरीज कुठेच सापडले नाहीत.

रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1960 साली, ऑरेगन आणि कॅलिफोर्निया यांच्या सीमेवरच्या सिस्कियू पर्वतांतल्या वनस्पतींचा अभ्यास मांडताना या गोष्टीची नीट फोड केली. एका जागेवरची विविधता वेगळी मोजायची, सबंध प्रदेशाची वेगळी मोजायची, आणि या दोहोंना जोडणारी तिसरी गोष्ट म्हणजे जागाजागांमधला बदल. त्याला आपण बीटा विविधता म्हणतो. दोन गावांच्या वाचनालयांत प्रत्येकी पाचशे पुस्तकं आहेत, पण दोन्हीकडे तीच पाचशे, तर तालुक्याला पाचशेच पुस्तकं मिळाली. दुसऱ्या तालुक्यात प्रत्येकी तीनशेच आहेत, पण सगळी वेगळी, तर तिथल्या वाचकाला सहाशे मिळतात. आपण वर्षानुवर्षं एकेका वाचनालयातली पुस्तकं मोजत आलो.

या फरकाचेही दोन प्रकार आहेत, आणि आंद्रेस बासेल्गा यांनी 2010 मध्ये ते गणितानं वेगळे करून दाखवले. एका तळ्यातले जीव जाऊन दुसऱ्या तळ्यात त्यांच्या जागी वेगळेच जीव येतात, हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात, गरीब तळ्यात जे काही असतं ते सगळं श्रीमंत तळ्यातही असतं. गरीब तळं म्हणजे श्रीमंत तळ्याची कापून लहान केलेली यादी. जिथे दुसरा प्रकार आहे, तिथे एक मोठं तळं वाचवून पुष्कळ साधतं. जिथे पहिला प्रकार आहे, तिथे एक वाचवून चालत नाही. मग आपल्याकडच्या उथळ पाण्यांत कोणता प्रकार जास्त चालतो, हे पाहिल्याशिवाय कुठलाही आराखडा करणं मला धाडसाचं वाटतं.

आता उथळपणाकडे येतो. खोल सरोवरात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर कोमट पाणी, खाली थंड पाणी, आणि दोहोंची सरमिसळ महिनोन्महिने होत नाही. वरचं शेवाळ मरून खाली बसलं की त्यातलं स्फुरद तळाशी अडकून राहतं. उथळ तळ्यात असं होत नाही. वारा सुटला की पाणी तळापर्यंत ढवळतं. तळाचा गाळ आणि वरचं पाणी यांची देवघेव सतत चालू राहते. आणि पाणी स्वच्छ असेल तर सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, म्हणजे सबंध तळभर वनस्पती उगवू शकतात. खोल सरोवरात त्या काठाच्या पट्ट्यापुरत्याच असतात. या एका गोष्टीमुळे उथळ तळ्याचं सगळं राजकारण बदलतं.

तळभर वनस्पती असल्या की त्या गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, पाण्यातलं नत्र-स्फुरद स्वतःकडे ओढून घेतात. त्यांच्या दाटीत डॅफ्नियासारखे बारीक प्राणी दिवसा लपतात आणि रात्री बाहेर येऊन पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ चरतात. पाणी स्वच्छ राहतं, आणि स्वच्छ पाण्यामुळे वनस्पती टिकतात. उलट, एकदा का सूक्ष्म शेवाळानं पाणी हिरवंगार, गढूळ झालं, की तळाला प्रकाश मिळत नाही, वनस्पती मरतात, गाळ मोकळा होतो, तळ उकरणारे मासे तो आणखी ढवळतात, आणि गढूळपणा आपला आपणच टिकून राहतो. मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली हे सूत्रबद्ध मांडलं: उथळ तळ्याला दोन स्थिर अवस्था असू शकतात. स्फुरदाचं प्रमाण तेच असतानाही एक तळं निवळ असू शकतं आणि दुसरं गढूळ.

स्वीडनच्या दक्षिण भागात टोकेर्न आणि क्रांकेशॉन ही दोन तळी आहेत. दोन्हींची सरासरी खोली एक मीटरहूनही कमी. इर्मगार्ड ब्लिंडोव यांनी या तळ्यांचा इतिहास तपासला, तेव्हा काही दशकांत ती अनेकदा निवळाकडून गढूळाकडे आणि गढूळाकडून निवळाकडे गेलेली दिसली. बाहेरून येणाऱ्या पोषकद्रव्यांत तेवढा मोठा बदल नव्हता. कारण बहुधा पाण्याच्या पातळीतले चढउतार होते. निवळ वर्षांत तळभर कारा नावाचं मोठं शेवाळ पसरे आणि त्यावर चरायला चांदवे आणि हंस मोठ्या संख्येनं येत. गढूळ वर्षांत ते दिसेनासे होत. पक्षी मोजणाऱ्या माणसाला वाटावं की दूर कुठेतरी शिकार वाढली असेल, थंडी वाढली असेल. खरं कारण पाण्याखाली, गुडघाभर खोलीवर होतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात क्रिस्टिना नावाचं सुमारे सोळा चौरस किलोमीटरचं तळं आहे. कॅनव्हासबॅक या बदकांसाठी ते एके काळी प्रसिद्ध होतं. पाणी गढूळ झालं, वनस्पती गेल्या आणि बदकं गेली. 1965 मध्ये, 1987 मध्ये आणि पुन्हा 2003 मध्ये तिथल्या वन्यजीव खात्यानं विष टाकून तळ्यातले मासे मारले. 1987 नंतरच्या काळाचा मार्क हॅन्सन आणि माल्कम बटलर यांनी बारकाईनं अभ्यास केला. मासे कमी होताच मोठे डॅफ्निया वाढले, त्यांनी शेवाळ फस्त केलं, प्रकाश तळाला पोचला, वनस्पती आल्या आणि पाणपक्षी परतले. पण काही वर्षांत मासे पुन्हा वाढले आणि तळं पुन्हा मागं सरकलं. विष टाकण्याचा हा उपाय मला मान्य नाही, आणि आपल्याकडे तर ज्यांचं पोट त्या माशांवर आहे त्यांच्यावर तो अन्याय ठरेल. तरी या तळ्यानं एक गोष्ट निर्विवाद दाखवली. एकच तळं, तोच तळ, तेच हवामान, आणि त्यात दोन अगदी वेगळे जीवसमूह आळीपाळीनं नांदू शकतात. मग दोन वेगळ्या तळ्यांत फरक असेल यात नवल काय?

माशांचा प्रभाव किती खोलवर जातो, याचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. कनेक्टिकट राज्यातल्या क्रिस्टल लेकमधले सूक्ष्म प्राणी 1942 साली तपासलेले होते. नंतर तिथे हेरिंगच्या कुळातला, पाणी गाळून भक्ष्य टिपणारा एक मासा सोडला गेला. 1964 साली पुन्हा तपासणी झाली. मोठ्या आकाराचे डॅफ्निया नाहीसे झाले होते आणि त्यांच्या जागी डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक जीव आले होते. जॉन ब्रुक्स आणि स्टॅनली डॉडसन यांनी 1965 मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. मासा आहे की नाही, आणि कोणता आहे, एवढ्यावरून पाण्यातला जवळजवळ प्रत्येक थेंब वेगळा ठरतो.

आणि मासा कुठे नसतो? जिथे पाणी दरवर्षी आटतं तिथे. आता आपल्याकडे येऊ.

सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात जांभ्याचे सडे आहेत. कास त्यातलं सर्वांत प्रसिद्ध, आणि 2012 पासून जागतिक वारसा यादीत त्याचं नाव आहे. पर्यटक फुलं पाहायला जातात, आणि जावंच. पण त्या सड्यांवर खडकाच्या खळग्यांत जून ते ऑक्टोबर-नोव्हेंबर एवढंच पाणी असतं. काही खळगे वीतभर खोल, काही कमरेएवढे. पाणी थेट पावसाचं, म्हणून त्यात क्षार आणि पोषकद्रव्यं फार थोडी. दुपारी ऊन पडलं तर पाणी तापतं, धुकं उतरलं की पुन्हा गार. असल्या पाण्यात कोण राहणार? आयसोइटिस राहतात, नेच्यांचे दूरचे नातलग, गवतासारखे दिसणारे. वायतुरा राहतो, जो सातारा परिसराबाहेर फारसा आढळत नाही. गेंद आणि सीतेची आसवं ओलसर कडेला असतात. आणि काही डबक्यांत फेअरी श्रिम्प पोहतात, पोट वर करून, पारदर्शक अंगानं. मासा असता तर हा प्राणी एक दिवसही टिकला नसता. त्याची अंडी उन्हाळाभर कोरड्या मातीत पडून राहतात, पहिल्या पावसात फुटतात, काही आठवड्यांत जनावर वाढतं, अंडी घालतं आणि मरतं. म्हणजे आटणं ही त्या पाण्याची उणीव नाही. आटण्यामुळेच तिथे माशांना थारा नाही, आणि मासे नाहीत म्हणूनच तिथे हा जीवसमूह आहे. एखादा सद्भावी माणूस असल्या डबक्याला बारमाही पाणी मिळावं म्हणून ते खोदून मोठं करील, तर त्या क्षणी तो समूह संपेल. आणि चिरेखाणीनं अख्खा सडाच कापला गेला, तर बोलायलाही काही उरत नाही.

लोणार तर याहून टोकाचं. बेसाल्टमध्ये उल्काघातानं झालेलं विवर, मध्ये क्षारयुक्त पाणी, सामू दहाच्या आसपास. मुख्य पाण्यात निळ्या-हिरव्या जिवाणूंचं राज्य. पण विवराच्या उतारावर गोड्या पाण्याचे झरे आहेत, आणि झऱ्यापासून तळ्यापर्यंतच्या थोड्याशा अंतरात एक जीवसमूह संपून दुसरा सुरू होतो. जून 2020 मध्ये ते पाणी गुलाबी झालं, तेव्हा देशभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं की, क्षारप्रिय आर्किया वर्गातले सूक्ष्मजीव वाढल्यामुळे हा रंग आला. पाणी घटलं, क्षारता वाढली, आणि आधीपासून कुठेतरी थोडे असलेले रहिवासी बहुसंख्य झाले. पाऊस पडला, पाणी पातळ झालं, रंग ओसरला.

आणि आता मला जिथे जास्त वेळ थांबायचं आहे तिथे, विदर्भाच्या पूर्व टोकाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात, मुख्यतः कोहळी समाजातल्या कसबी लोकांनी ते बांधले. जो तलाव बांधील त्याला भिजणारी जमीन मिळे, असं परंपरा सांगते. मोठ्याला तलाव म्हणतात, छोटीला बोडी. पुढे मालगुजारीच्या व्यवस्थेत ते आले म्हणून मालगुजारी तलाव हे नाव पडलं. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारच्या ताब्यात आले, आणि राखणाऱ्याचा हात आणि मालकी वेगळी झाली. यांतल्या नवेगावबांधची ओळख मराठी वाचकांना मारुती चितमपल्लींनी करून दिली आहे, त्यामुळे मी त्याचं वर्णन करत नाही.

हे तलाव मातीचा बांध एका बाजूला घालून केलेले. त्यामुळे बांधाजवळ पाणी सर्वांत खोल, आणि समोरच्या अंगाला ते हळूहळू उथळ होत शेतात किंवा जंगलात विरून जातं. माझ्या मते या तलावांचं सगळं वैभव या उतारात आहे. खोल भागात पाण्याखालच्या वनस्पती, हायड्रिला, सिरॅटोफायलम, व्हॅलिस्नेरिया. त्याच्या अलीकडे तरंगत्या पानांच्या, कमळं आणि कुमुदिनी. त्याहून अलीकडे देवधान, म्हणजे आपल्या भाताचा रानटी भाऊबंद, आणि लव्हाळ्याच्या जाती. शेवटी चिखल, जो जानेवारीनंतर उघडा पडतो आणि तिथे चिखलपक्षी उतरतात. कमळपक्षी पानांवर चालतो आणि तिथेच घरटं करतो. अडई दाट गवतात शिरते. सारस उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून अंडी घालतो, आणि महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. मरळ वनस्पतींच्या दाटीत पिल्लं राखते. मागूर आणि शिंगी कमी प्राणवायूच्या चिखलपाण्यातही तग धरतात. खोली एका हातानं बदलली की रहिवासी बदलतात. म्हणजे एका तलावातच चार-पाच वस्त्या आहेत, आणि गावोगावच्या तलावांत या वस्त्यांचं प्रमाण वेगवेगळं आहे. एखादी बोडी फेब्रुवारीतच आटते, तिथे देवधान आणि बेडूक. एखादा तलाव कधीच आटत नाही, तिथे मोठे मासे. कुमुदिनी कासजवळच्या तळ्यातही आहे आणि इथल्या तलावांतही, पण तिचे शेजारी पूर्ण निराळे आहेत.

गेल्या काही दशकांत दोन गोष्टी झाल्या. काठावर बेशरम पसरली. आणि तलावांत रोहू, कटला, मृगळ यांचं बीज आणि त्यांच्या जोडीला परदेशी मासे सोडले गेले: सायप्रिनस, गवत्या, चंदेरा. आधी सांगितलेलं उथळ तळ्यांचं शास्त्र इथे लावून पाहा. गवत्या पाण्याखालच्या वनस्पती खातो. सायप्रिनस तळ उकरून गाळ ढवळतो. निवळ पाण्याला आधार देणाऱ्या दोन्ही खांबांवर घाव. सहकारी संस्थांना उत्पन्न हवं होतं, ते वाजवी होतं, आणि बीज फुकट किंवा स्वस्तात मिळत होतं. पण गावोगावच्या तलावांत तीच पाच-सहा जातींची यादी गेली.

याला उत्तर शोधलं ते मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या लोकांनी, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडाऱ्याच्या सहकाऱ्यांनी. कोणता मासा कुठल्या वनस्पतीखाली अंडी घालतो, कोणता काय खातो, हे ढीवरांना माहीत होतं. त्या माहितीवरून त्यांनी ठरवलं की मासे हवे असतील तर आधी वनस्पती लावायला हव्यात. उन्हाळ्यात तलावाची कोरडी पडलेली जमीन नांगरायची, बेशरम मुळापासून उपटायची, आणि पावसानंतर दुसऱ्या चांगल्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पती खोलीच्या हिशेबानं लावायच्या: खोल भागात बुडालेल्या, मग तरंगत्या, मग काठाच्या. या कामात ढीवर बायकांचा वाटा मोठा आहे. अशा तलावांत देशी मासे आणि पक्षी परतल्याचा त्यांचा अनुभव आहे. उथळ तळ्याला पाण्याखालच्या वनस्पतींचा आधार लागतो, हे जे शास्त्र सांगतं, तेच या बायकांनी स्वतःच्या ज्ञानावरून केलं, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे.

इथे मला माझ्याच शास्त्राला एक सावधगिरीची सूचना द्यायची आहे. दोन अवस्थांचा सिद्धांत थंड प्रदेशात घडला. मारियाना मेरहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरुग्वे आणि डेन्मार्क इथल्या उथळ तळ्यांची तुलना केली, तेव्हा उष्ण हवामानात वेगळंच दिसलं. तिथे लहान मासे वर्षभर वितात आणि मोठ्या संख्येनं पाणवनस्पतींतच राहतात. त्यामुळे डॅफ्नियासारख्या जिवांना वनस्पतींत जो आसरा थंड देशात मिळतो, तो तिथे फारसा मिळत नाही. म्हणजे डेन्मार्कमधलं औषध गोंदियाला जसंच्या तसं लागू पडेल असं मानू नये. इथल्या तलावांचे नियम इथेच शोधावे लागतील, आणि ते अनेक तलाव शेजारीशेजारी मोजूनच सापडतील.

आता ज्या धोक्यासाठी हे सगळं सांगितलं, त्याकडे येतो. तो धोका एकसारखेपणाचा आहे.

ब्राझीलमध्ये पराना नदीच्या पूरमैदानात शेकडो तळी आहेत. सिडिनी थोमाझ आणि सहकाऱ्यांनी 2007 साली दाखवून दिलं की पुरात सगळी तळी जोडली जातात आणि एकमेकांसारखी होतात. पूर ओसरला की प्रत्येक तळं आपापल्या वाटेनं वेगळं होत जातं. तो निसर्गाचा श्वास आहे, आत आणि बाहेर. पण आयर्लंडच्या सरोवरांत इयन डोनोह्यू यांना आढळलं की खतं-सांडपाण्याची पोषकद्रव्यं वाढली की तळाचे जीवसमूह एका सरोवराच्या आतही आणि सरोवरासरोवरांतही सारखे होत जातात. हा श्वास नव्हे. यातून परतणं अवघड. अमेरिकेत जॉन चेस यांनी प्रयोगासाठी केलेल्या तळ्यांत काहींना मुद्दाम आटू दिलं, तर आटलेली तळी एकमेकांसारखी झाली, कारण दुष्काळ सोसणारे जीवच तेवढे उरले. आत्ताच मी आटणाऱ्या डबक्यांची बाजू घेतली आणि आता हे सांगतो आहे, तर त्यात विरोध नाही. काही पाणी आटणारं आणि काही न आटणारं असावं, यातच प्रदेशाची श्रीमंती आहे. सगळंच आटलं तरी नुकसान, आणि सगळंच बारमाही केलं तरी नुकसान.

आपण आज काय करतो आहोत? तलाव दिसला की त्याचा गाळ काढतो. 2017 मध्ये राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू झाली. तलावाचा गाळ शेतात जाणं ही जुनी आणि शहाणी रीत आहे. विदर्भातले शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या करत आले. माझा आक्षेप गाळ काढण्याला नाही. तो कसा काढला जातो याला आहे. बैलगाडीनं गाळ नेणारा माणूस कोरड्या पडलेल्या भागातला वरचा थर नेत असे, आणि उतार राहत असे. जेसीबी काठापासून काठापर्यंत सरळ भिंतीसारखा खड्डा करतो. पाणी जास्त साठतं, हे खरं. पण तो उतार जातो, आणि उताराबरोबर देवधान, कमळपक्षी, सारस, चिखलपक्षी, मरळीची पिल्लं ठेवायची जागा, सगळं जातं. शहरातल्या तलावांत तर दगडी पिचिंग आणि भोवती फिरायचा रस्ता करून हा उतार कायमचा बुजवला जातो.

आणि गाळाविषयी एक लक्षात घ्या. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, 2020 साली जाहीर झालेलं नांदूर मध्यमेश्वर, हे गाळाचंच देणं आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला, त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साठला, बेटं झाली, उथळ पाणी झालं, पाणवनस्पती आल्या, आणि हजारो पक्षी आले. जलसंपदेच्या हिशेबात ती साठवणीची घट आहे. पक्ष्यांच्या हिशेबात ते घर आहे.

कायदा याबाबतीत आपल्याला फार मदत करत नाही. 2017 च्या पाणथळ संवर्धन नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी आणि मनोरंजनासाठी मुद्दाम बांधलेली तळी पाणथळ या व्याख्येतून वगळली आहेत. मालगुजारी तलाव सिंचनासाठीच बांधलेले. मग त्यांना तीनशे वर्षं झाली, त्यांत सारस घरटं करतो, तरी नियमाच्या नजरेला ते पाणथळ दिसत नाहीत. इस्रोच्या 2011 सालच्या पाणथळ नकाशासंग्रहात देशातल्या 2.25 हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 पाणथळांच्या सीमा आखलेल्या आहेत. त्याहून लहान 5,55,557 पाणथळं नुसत्या ठिपक्यांनी दाखवलेली आहेत. म्हणजे देशातली बहुसंख्य पाणथळं नकाशावर ठिपका आहेत. इंग्लंडचा तो अभ्यास आठवा: दुर्मीळ जीव ज्या छोट्या पाण्यांत सापडले, ती आपल्याकडे ठिपके आहेत. हे नियम बदलायला हवेत, आणि त्यासाठी या सभागृहातल्या लोकांनी लिहायला, भांडायला हवं.

कायद्याची वाट न पाहता करता येईल असं एक काम आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणं अपेक्षित आहे. या नोंदवहीत बहुतेक वेळा गावाची एकच यादी असते: इतके पक्षी, इतके मासे, इतक्या वनस्पती. ती मोडून गावातल्या प्रत्येक पाण्याचं वेगळं पान करावं. त्या पानावर लिहावं: पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असतं, निवळ आहे की गढूळ, उताराचा भाग किती आणि खोदलेला भाग किती, पाण्याखाली कोणत्या वनस्पती आहेत, मासे आहेत का, कोणते सोडले आणि कोणते मूळचे, सांडपाणी येतं का. नोंद वर्षातून दोनदा, एकदा सप्टेंबरात आणि एकदा एप्रिलात. मग गाळ काढायचा प्रस्ताव आला की तालुक्याच्या पातळीवर ही पानं शेजारीशेजारी मांडून ठरवता येईल, कोणता तलाव खोल करायचा, कोणत्याचा अर्धाच भाग, आणि कोणत्या बोडीला हात लावायचा नाही. मत्स्यबीजाचंही तसंच: काही तलाव उत्पन्नासाठी, काही फक्त देशी माशांसाठी, आणि हे ढीवरांच्या संस्थांना विश्वासात घेऊन, त्यांचं उत्पन्न बुडू न देता.

सुरुवातीला एक तालुका पुरे. मी गोंदिया जिल्ह्यातला अर्जुनी मोरगाव सुचवतो. तिथे मोठे तलाव आहेत, आटणाऱ्या बोड्या आहेत, नवेगावबांध आहे, वनस्पती लावून सावरलेले तलाव आहेत आणि न सावरलेलेही. तुलनेला लागतं ते सगळं एकाच तालुक्यात आहे, आणि कोणत्या पाण्यात काय आहे हे तोंडपाठ असलेली माणसंही तिथे आहेत. त्यांना या कामाची मजुरी द्यावी, आणि नोंदवहीवर त्यांची नावं असावीत.